हिंदमाताचे पाणी आणि संकेतस्थळाचा रचनाकार



पावसाळ्याच्या दिवसांत मध्य मुंबईतील माणसाच्या तोंडी एक प्रश्न हटकून असतो : ‘हिंदमाताला पाणी भरले काय?’ दादर आणि परळ यांच्या दरम्यान, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर असलेला हा चौक तेथील चित्रपटगृहाच्या नावाने ओळखला जातो. कापडाच्या बाजारामुळे लग्नाच्या बस्त्यासाठी येणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांनाही तो परिचयाचा आहे. मात्र वर्तमानपत्रांतून त्याचे नाव दरवर्षी झळकते ते साचणाऱ्या पाण्यामुळे. हा भाग बशीसारखा सखल आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला, की समुद्राकडे जाणाऱ्या वाहिन्यांतून पाण्याचा निचरा होत नाही आणि पाहता पाहता चौकाचे तळे होते. रे रोड येथील ब्रिटानिया उदंचन केंद्र, तसेच दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली व परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली बांधलेल्या साठवण टाक्या हे या पाण्यावर योजलेले अलीकडचे उपाय होत.

या चौकाच्या आसपास केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. साहजिकच ‘पाणी भरले काय?’ हा प्रश्न केवळ कार्यालयात वेळेवर पोहोचण्याचा राहत नाही. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन टॅक्सीची वाट पाहणाऱ्या मातेचा तो प्रश्न असतो. पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेचा आणि दुकानातील तागे वरच्या फळीवर चढवावेत की नाही, या विवंचनेत असलेल्या व्यापाऱ्याचाही तो असतो. या प्रश्नाचे उत्तर कोणी द्यावयाचे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. कारण या एका गोष्टीत झालेल्या बदलाने संकेतस्थळे तयार करणाऱ्या रचनाकाराचे, म्हणजे ज्याला सर्वत्र वेब डिझायनर म्हटले जाते त्याचे, काम मुळापासून बदलून टाकले आहे.

उत्तर कोणाजवळ आहे?

पूर्वी या प्रश्नाची वाट ठरलेली होती. नागरिकाने विचारावयाचे आणि कार्यालयाने सांगावयाचे. परंतु २६ जुलै २००५ च्या महापुराने या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट केली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर. अशा वेळी ‘मुंबईत इतका पाऊस झाला’ हे विधान कोणत्याच मुंबईकराच्या उपयोगाचे नसते. त्याला आपल्या चौकातील, आपल्या गल्लीतील आणि या घटकेची स्थिती हवी असते.

ही माहिती कोणाजवळ असते? जो त्या पाण्यात उभा आहे, त्याच्याजवळ. पर्जन्यमापक यंत्रे पाऊस मोजतात, अंदाज वर्तविणाऱ्या यंत्रणा पुढील काही तासांचे चित्र मांडतात. मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली जून २०२० मध्ये कार्यान्वित झाली. पण अमुक दुकानाच्या पायरीपर्यंत पाणी आले आहे, तमुक ठिकाणचे झाकण उघडे आहे, हे तेथे उभा असलेला माणूसच सर्वांत आधी जाणतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली जे पूरविषयक संकेतस्थळ व अ‍ॅप लोकांपुढे आणले, त्यात पावसाच्या अंदाजाबरोबरच नागरिकांनी स्वतः कळविलेल्या साचलेल्या पाण्याच्या नोंदींनाही स्थान दिलेले आहे, ते याच कारणाने. येथे विचारणारा आणि सांगणारा हे दोघेही नागरिकच आहेत. मग रचनाकाराने करावयाचे काय? सांगणाऱ्याला सांगणे सोपे करावयाचे, विचारणाऱ्याला उत्तर विश्वासार्ह करून द्यावयाचे आणि दोघांच्या मध्ये प्रशासनाला कृतीस जागा ठेवावयाची. हे काम पूर्वीच्या कामाहून सर्वस्वी निराळे आहे.

छापील पान आणि चाळीचा फळा

हा फरक नीट ध्यानात येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. गिरगाव परिसराला मुद्रणाची थोर परंपरा आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी मुद्रणाला सौष्ठव दिले. या परंपरेत पान जुळविले जाई, मुद्रिते तपासली जात आणि एकदा का छपाई झाली, की पान पुरे होई. वाचकाने ते वाचावयाचे. त्यात भर घालण्याचा अधिकार वा सोय त्याला नसे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतरच्या दशकात आपल्याकडे जी संकेतस्थळे उभी राहिली, ती बहुतांशी या छापील पानाचीच भावंडे होती. संस्थेचा परिचय, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, योजनांची यादी, संपर्काचा पत्ता. रचनाकाराने रंग योजावेत, अक्षरे निवडावीत, चित्रे बसवावीत, पाने जोडावीत आणि काम सुपूर्द करावे. देयकही पानांच्या संख्येवर ठरे.

गमतीची गोष्ट अशी, की वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जो पहिला कार्यक्रम लिहिला, त्यात पान वाचता येत असे आणि लिहिताही येत असे. पुढे जे कार्यक्रम लोकप्रिय झाले ते मात्र प्रामुख्याने दाखविण्याचे काम करीत. लिहिण्याची बाजू लंगडी राहिली. ती हळूहळू भरून निघाली. वॉर्ड कनिंगहॅम यांचे कोणालाही दुरुस्त करता येईल असे ‘विकी’ १९९५ साली आले. त्याच तत्त्वावर २००१ साली विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. २००४-०५ च्या सुमारास या सर्व प्रवाहाला ‘वेब २.०’ असे नाव रूढ झाले. नाव काहीही असो, आशय एवढाच, की वाचक लेखक झाला.

परळ-लालबागच्या चाळींना या कल्पनेचे नवल वाटू नये. चाळीच्या प्रवेशद्वाराशी किंवा मंडळाच्या कार्यालयाबाहेर काळा फळा असतो. त्यावर कधी सुविचार असतो, कधी पाणी न येण्याची सूचना, कधी कोणाच्या निधनाची वार्ता तर कधी रक्ताची तातडीची गरज. फलक रंगविणारा कलाकार आपले काम एकदा करून निघून जातो. पण फळा सांभाळणाऱ्याचे काम रोजचे असते. खडू कोठे ठेवावा, कोणी लिहावे, कालचे कोणी पुसावे, चुकीचे लिहिले गेल्यास कोणी दुरुस्त करावे, लहान मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर तो असावा की नसावा, हे सारे त्याला ठरवावे लागते. संकेतस्थळाचा रचनाकार फलक रंगविणारा होता. आता तो फळा सांभाळणाऱ्यांची व्यवस्था लावणारा झाला आहे. त्याचे कौशल्य कमी झालेले नाही, ते ज्या ठिकाणी लागते ती जागा बदलली आहे.

रिकाम्या चौकटींचे शास्त्र

पहिला बदल असा, की रचनाकाराला आता मजकूर आधी दिसत नाही. छापील पानात मजकूर हाती असे आणि त्याला शोभेल अशी मांडणी करावयाची असे. आता त्याला रिकाम्या चौकटी आखावयाच्या असतात. त्यांत कोण काय लिहील याची शाश्वती नसते. एखादा ‘पाणी आहे’ एवढेच लिहील, दुसरा दहा ओळींची कैफियत मांडेल, तिसरा अंधारात काढलेले अस्पष्ट छायाचित्र पाठवील. या सर्वांना सामावून पान वाचनीय राहिले पाहिजे.

नावाची साधी चौकट घ्या. परदेशी नमुन्यावरून बेतलेल्या अर्जात नाव आणि आडनाव अशा दोनच जागा असत. मराठी माणसाचे वडिलांचे किंवा पतीचे नाव कोठे लिहावयाचे, हा प्रश्न पडे. म्हणून आपल्याकडे तीन चौकटी आल्या. पुढे मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असावा. एका सामाजिक निर्णयाने तीनच्या चार चौकटी झाल्या. जी संकेतस्थळे केवळ शोभेचा विचार करून बांधली होती, त्यांत ही चौथी चौकट बसविताना मोडतोड होणे अटळ. ज्यांनी बदलाची जागा राखली होती, त्यांना ते काम सुकर. पत्त्याचेही तसेच. सदनिका क्रमांक, इमारत, मार्ग अशा चौकटींत चाळीचा पत्ता बसत नाही. ‘दुसरा माळा, खोली क्रमांक अमुक, पिठाच्या गिरणीसमोर’ हा परळचा खरा पत्ता आहे आणि टपालवाला त्यावरूनच घर शोधतो.

भाषेचा प्रश्न याहून मूलगामी आहे. आरंभीच्या काळात मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या संस्थांच्या स्वतंत्र टंकांवर चालत. तो विशिष्ट टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळी उमटे. वाचणे इतके कष्टाचे, तेथे लिहिणे तर दूरच. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते, परंतु ती सोय सामान्य संगणकांत आणि पुढे मोबाइलवर पोहोचली तेव्हाच मराठी वाचक मराठीतून लिहू लागला. याचा अर्थ असा, की लोकांच्या सहभागाची संकेतस्थळे मराठीत संभवनीय झाली ती रंगसंगतीमुळे नव्हे, तर अक्षरांच्या एका समान संकेतामुळे. आजही रचनाकाराची कसोटी येथेच लागते. इंग्रजीच्या मापाने ओळींतील अंतर ठेवले तर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. इंग्रजी शब्दापुरते बटण केले तर ‘तक्रार नोंदवा’ हे शब्द त्यात मावत नाहीत. शोधयंत्र ‘परळ’ आणि ‘परेल’ यांना भिन्न ठिकाणे मानू लागले, तर एकाच पाण्याच्या दोन नोंदी होतात.

विचारावे कसे?

दुसरा बदल प्रश्न विचारण्याच्या कलेचा. कार्यालयीन दृष्टीने पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये हवी असते. पण भर पावसात, एका हाती छत्री आणि दुसऱ्या हाती मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ती मोजावी कशी? ‘घोटाभर, गुडघाभर, कमरेइतके’ ही मापे मात्र त्याच्या अंगावरच असतात. ती तीन चित्रे पडद्यावर दाखविली आणि एकावर बोट ठेवावयास सांगितले, तर अक्षरओळख बेताची असलेली व्यक्तीही अचूक नोंद करू शकते. माणसांच्या उंचीत फरक असतो, हे खरे. परंतु वीस माणसांनी ‘गुडघाभर’ म्हटले तर रुग्णवाहिकेच्या चालकाला निर्णय घेण्यास तेवढे पुरेसे असते.

दुसरा प्रश्न खात्याचा. शहरातील एक रस्ता महानगरपालिकेचा, दुसरा प्रदेश विकास प्राधिकरणाचा, तिसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, पलीकडची जमीन बंदराची किंवा रेल्वेची. ‘आपली तक्रार कोणत्या विभागाकडे आहे ते निवडा’ असे विचारणारा अर्ज नागरिकाची परीक्षा घेतो आणि बहुतेक नागरिक तीत अनुत्तीर्ण होतात. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘फिक्स माय स्ट्रीट’ या संकेतस्थळाने ही अडचण ओळखली. नागरिकाने नकाशावर जागा दाखवावी, काय बिघडले ते लिहावे. तक्रार कोणत्या स्थानिक संस्थेकडे जावयाची ते संकेतस्थळाने ठरवावे. शिवाय ती तक्रार सर्वांना दिसावी, म्हणजे शेजाऱ्याने तीच पुन्हा लिहू नये. दिसण्यात साधी वाटणारी ही रचना वस्तुतः प्रशासनाच्या गुंतागुंतीचा भार नागरिकाच्या खांद्यावरून उतरवून यंत्रणेवर ठेवणारी आहे. हीच रचनाकाराची खरी करामत म्हणावयास हवी.

अर्जातील अटीही बोलक्या असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई महानगरपालिकेने खड्ड्यांविषयी एक आव्हान-योजना जाहीर केली. अ‍ॅपवर कळविलेला खड्डा चोवीस तासांत बुजविला गेला नाही, तर तक्रारदारास ५०० रुपये देण्याचे त्यात होते. मात्र खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल असावा, अशी अट होती. येथे अ‍ॅपच्या रचनेने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. नागरिकाला भाग घेण्यास उद्युक्त केले आणि खड्डा कशाला म्हणावयाचे याची सर्वांना समजेल अशी व्याख्या दिली. लोकांकडून माहिती घ्यावयाची असेल, तर शब्दांचे अर्थ आधी निश्चित करावे लागतात.

खरे, खोटे आणि शिळे

तिसरा बदल सर्वांत गंभीर आहे. छापील पानातील चुकीला संपादक जबाबदार असे. लोकांनी भरलेल्या पानातील चुकीचे काय? हिंदमाताच्या संदर्भात खोट्याइतकेच घातक असते ते शिळे. सकाळी दहा वाजता खरी असलेली ‘कमरेइतके पाणी’ ही नोंद दुपारी दोन वाजता पाणी ओसरल्यावरही तशीच दिसत राहिली, तर रुग्णाला विनाकारण लांबच्या वळणाने न्यावे लागते. उलट ‘रस्ता मोकळा’ ही जुनी नोंद एखाद्याला पाण्यात नेऊन सोडते. दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात मागील वर्षांची छायाचित्रे नव्याने फिरू लागतात, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत पूरस्थिती निर्माण झाली. त्या दिवशी अनेक नागरिकांनी अडकलेल्या अनोळखी माणसांसाठी आपली घरे उघडली आणि अशा निवाऱ्यांच्या याद्या लोकांनीच इंटरनेटवर तयार केल्या. त्याच दिवशी प्रभादेवी परिसरात पाण्याखाली दडलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहरातील एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. एकाच दिवसाच्या या दोन गोष्टी सहभागाच्या संकेतस्थळांचे महत्त्व आणि मर्यादा दोन्ही दाखवितात. लोकांची माहिती निवारा मिळवून देऊ शकते. पण ‘येथे झाकण उघडे आहे’ ही एक नोंद योग्य वेळी, योग्य माणसापर्यंत न पोहोचल्यास तिचे मोल प्राणाने चुकवावे लागते.

म्हणून रचनाकाराला आता सत्याच्या पडताळणीची यंत्रणाही आखावी लागते. प्रत्येक नोंदीवर वेळ आणि ठिकाण ठळक असावे. ठराविक अवधीनंतर नोंद फिकट व्हावी आणि पुढे आपोआप बाजूला पडावी. जवळपासच्या इतरांना ‘हे अजून खरे आहे काय?’ असे विचारले जावे. महापालिकेच्या कर्मचाऱ्याने पडताळलेली नोंद आणि केवळ नागरिकाने कळविलेली नोंद यांत डोळ्यांना दिसेल असा भेद असावा. इंडोनेशियातील जकार्ता शहरात २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘पेटा जकार्ता’ या प्रकल्पाने एक निराळी युक्ती योजली. समाजमाध्यमावर कोणी पुराचा उल्लेख केला, की त्याला आपोआप उत्तर जाई : पूर प्रत्यक्ष दिसत असल्यास ठिकाणासह कळवा. सहज केलेल्या उद्गाराचे अशा प्रकारे जबाबदार नोंदीत रूपांतर होई. विकिपीडियाने या प्रश्नाला तिसरेच उत्तर दिले आहे. तेथे प्रत्येक पानाचा इतिहास जतन होतो. कोणी, कधी, काय बदलले ते दिसते आणि बिघडविलेले पान पूर्ववत करणे हे बिघडविण्याहून सोपे असते. चूक होणारच, हे गृहीत धरून दुरुस्तीचा मार्ग रुंद ठेवणे, हा त्यातील धडा होय.

पडद्याच्या पलीकडची बाजू

सहभागाचे संकेतस्थळ उघडले म्हणजे काम झाले, असा एक गोड गैरसमज आढळतो. २०११ साली मुंबई महानगरपालिकेने खड्ड्यांच्या तक्रारींसाठी ‘व्हॉइस ऑफ सिटिझन’ हे संकेतस्थळ सुरू केले होते. नागरिकाने छायाचित्र पाठवावे, ते नकाशावर दिसावे आणि खड्डा बुजविल्यावर तशी नोंद व्हावी, अशी ती कल्पना होती. कालांतराने ती व्यवस्था बंद झाली आणि निराळी अ‍ॅप आली. प्रत्येक नव्या व्यवस्थेबरोबर नागरिकाला नवे नाव, नवा अर्ज, नवी सवय शिकावी लागते आणि जुन्या नोंदींची शिदोरी मागे राहते. फळा दर दोन वर्षांनी निराळ्या भिंतीवर हलविला, तर त्याकडे पाहण्याची सवय कोणालाच लागत नाही.

तेव्हा रचनाकाराला केवळ नागरिकाच्या पडद्याचा विचार करून भागत नाही. पलीकडे विभाग कार्यालयात बसलेल्या कनिष्ठ अभियंत्यासमोर काय दिसते? पावसाच्या दिवशी एकाच ठिकाणच्या दोनशे नोंदी सुट्या सुट्या आल्या, तर तो कोणती आधी पाहील? त्या एकत्र बांधून ‘एक ठिकाण, दोनशे साक्षीदार’ असे दाखविले, तर त्याचे काम हलके होते. ‘तक्रार निकाली’ हे शब्द उमटविण्यापूर्वी केलेल्या कामाचे छायाचित्र आणि तक्रारदाराचा होकार मागितला, तर निकाल कागदावरच राहत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि त्याच वर्षी लोकसेवा हक्काचा कायदा आला. सेवा किती दिवसांत मिळावी, न मिळाल्यास अपील कोणाकडे करावे, हे कायद्याने सांगितले. ते पडद्यावर नागरिकाला उमगेल अशा शब्दांत मांडणे हे मात्र रचनेचे काम आहे. कायदा आणि बटण यांचा असा निकटचा संबंध पूर्वी क्वचितच आला असेल.

यातच गोपनीयतेची जबाबदारी येते. पाणी कोठे आहे हे जगाला कळावे. पण ते कळविणाऱ्या स्त्रीचा भ्रमणध्वनी क्रमांक आणि घराचा पत्ता जगाला कळता कामा नये. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली संमत झाला. जेवढ्या माहितीची गरज आहे तेवढीच मागावी, हे त्यामागील तत्त्व आहे. अर्जातील प्रत्येक जादा चौकट ही एक जोखीम असते, याची जाणीव रचनाकाराने आणि त्याहून अधिक अर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ठेवली पाहिजे.

जो पडद्यावर दिसत नाही तो

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. नकाशावर जेथे अधिक नोंदी दिसतात, तेथेच अधिक पाणी असते असे नाही. तेथे अधिक मोबाइल असतात, एवढेच कित्येकदा खरे असते. पदपथावर भाजी विकणारी बाई, हातगाडी ओढणारा हमाल, रात्री दुकानाच्या पायरीवर झोपणारा कामगार हे पाण्यात सर्वांत आधी भिजतात आणि नकाशावर सर्वांत शेवटी उमटतात. म्हणून मुंबई महानगरपालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा १९१६ हा साधा दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळाच्या युगातही अनावश्यक ठरत नाही. दूरध्वनीवरून आलेली नोंदही त्याच नकाशावर उमटली पाहिजे. अंध व्यक्तीच्या वाचन-यंत्राला पान वाचता आले पाहिजे, कमी किमतीच्या मोबाइलवर आणि मंद जोडणीवर ते उघडले पाहिजे. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत व त्यांच्या सुधारित आवृत्त्याही काढल्या आहेत. तथापि तत्त्वे पाळली गेली की नाही याची खरी परीक्षा कार्यालयातील मोठ्या पडद्यावर होत नसते. ती भिजलेल्या बोटांनी, जुन्या मोबाइलवर, पावसात होते.

ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत

हा विषय केवळ महानगराचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींच्या नियोजनाची आणि खर्चाची माहिती ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर २०२० पासून उपलब्ध होऊ लागली. ती वाचणाऱ्या ग्रामस्थाला उद्या प्रश्न विचारावासा वाटेल, दुरुस्ती सुचवावीशी वाटेल. ग्रामसभेत हात वर करणाऱ्यास सरपंच उत्तर देतात. पडद्यावर हात वर करणाऱ्यासही ते मिळावयास हवे. हातपंप नादुरुस्त झाला, पुलावरून पाणी वाहू लागले, शाळेची वाट बंद झाली, या साऱ्या हिंदमाताच्याच गोष्टी आहेत. गावाचे नाव तेवढे निराळे.

संकेतस्थळ करून घेणाऱ्या संस्थांनी यासाठी आपल्या अपेक्षा बदलल्या पाहिजेत. निविदेत पानांची संख्या आणि आकर्षक मांडणी यांवर भर देण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारावेत. आलेली नोंद कोण वाचणार? किती वेळात उत्तर जाणार? चुकीची नोंद कोण हटविणार आणि कोणत्या नियमाने? शिळी नोंद केव्हा बाजूला पडणार? एकाच दिवशी शंभरपट लोक आले तर यंत्रणा टिकणार काय? सुपूर्द केल्यानंतर वर्षभर रचनाकार लोकांच्या अडचणी पाहून सुधारणा करणार काय? या प्रश्नांची तरतूद आणि त्यासाठीचा खर्च करारातच असावा. शिक्षकांनाही येथे मोठे कार्य आहे. आपल्या गावाविषयी मराठी विकिपीडियावर चार अचूक वाक्ये लिहिणे, पाण्याची नोंद वेळ व ठिकाण घालून करणे, न पाहिलेली गोष्ट पुढे न पाठविणे, हे नागरिकशास्त्राचे प्रात्यक्षिकच होय. रचना कितीही उत्तम असली तरी तिच्यात भरावयाचा प्रामाणिकपणा शाळेतूनच यावयाचा असतो.

छापील पान जुळविणाऱ्या कंपोझिटरला आपल्या कामाचा शेवट दिसत असे. आजच्या रचनाकाराला तो दिसत नाही. कारण त्याचे पान लोक रोज नव्याने लिहीत असतात. हे त्याचे दुर्दैव नसून त्याच्या व्यवसायाला लाभलेली नवी प्रतिष्ठा आहे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कोणी विचारील, ‘हिंदमाताला पाणी भरले काय?’ त्या वेळी चौकात उभ्या असलेल्या एखाद्या दुकानातील नोकराने मोबाइलवर चित्राला बोट लावावे, विभाग कार्यालयात ते दिसावे, पंप सुरू व्हावा, रुग्णवाहिकेने वेळीच दुसरा रस्ता धरावा आणि मूल कडेवर घेतलेल्या मातेला रुग्णालयाचे दार कोरड्या पायांनी गाठता यावे. या साखळीतील प्रत्येक दुवा जुळला, तर त्या संकेतस्थळाचे रंग कोणते होते हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही, आणि रचनाकाराच्या यशाची तीच खूण ठरेल.